बिननावाची भांडी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कोणी गोड बोललं की मी त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघते. कोणी दाराशी येऊन "सहज आलो" म्हणालं की माझ्या मनात येतं, सहज कोण येतं बाई? आई म्हणायची, ही पोटातूनच डोळे बारीक करून आली. पण मला विचाराल तर माझ्या बाबांसारखा माणूस ज्या घरात असेल, त्या घरात कोणीतरी संशयी असणं भागच होतं. नाहीतर चुलीवरचा तवासुद्धा उरला नसता.

आंधळगावच्या थोडं अलीकडे, तलावाच्या पाळीला लागून आमचं गाव. तिथं मिशनचा छोटासा दवाखाना होता आणि बाबा त्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, खरूज झालेल्या पोरांना मलम चोळायचं. ख्रिस्ती घरं गावात मोजकीच. रविवारी दवाखान्याच्याच व्हरांड्यात सतरंजी टाकून उपासना व्हायची आणि अधूनमधून भंडाऱ्याहून पाळक यायचे.

त्या काळी, म्हणजे सन सत्तरच्या आसपास, नवं भांडं घेतलं की त्यावर नाव टाकायचं ही रीतच होती. भंडाऱ्याला पितळेची भांडी घेतली की दुकानाच्या पायरीवरच एक माणूस छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला असे. तो टकटक करत मालकाचं नाव कोरून देई. गावात लग्न असो की तेरवी, घराघरांतून भांडी मागून आणायची आणि पंगती उठल्या की नावं वाचून ज्याची त्याला परत द्यायची. सगळ्या गावात फक्त आमच्या भांड्यांवर नाव नव्हतं. बाबा टाकू देत नसत.

"कायले नाव टाकाचं?" ते म्हणत. "देवानं वापरायले दिलं हाये. आपलं थोडंच हाये?"

"मग देवाचं नाव टाका," मी एकदा म्हटलं. "निदान परत तरी येईन."

बाबा हसले. मला हसू आलं नाही.

आमच्याकडे धान लोंबीत आलं की रानडुकरांपासून राखायला माणसं शेतात मुक्कामाला जातात. त्याला जागल म्हणतात. बाबांचा सगळा धर्म त्या एका जागलीत सामावला होता. "जागल करणारा धानाले आपलं म्हणते का?" ते विचारत. "म्हणत नाही. पण म्हणून झोपते का? झोपत बी नाही. तसंच हाये हे. राखाचं, आणि मालकानं मागितलं का देऊन टाकाचं. मालक चांगला हाये, मंग भेवाचं कायले?"

मालक मला कधी दिसला नाही. मागायला येणारे मात्र रोज दिसत. आमची छत्री ज्याच्या घरी गेली तो अख्खा पावसाळा ती उघडून आमच्या दारावरून जायचा, आणि वर बाबांना नमस्कार करायचा. शिडी गेली, सायकलचा पंप गेला. कोणती वस्तू कोणाच्या माजघरात आहे हे मला पाठ होतं. भांडी नेणाऱ्यांवर तर माझी खास नजर असे. काही घरं आमच्याकडून परातीसारखे मोठे कोपर न्यायची, झारे न्यायची, पण पाण्याचा गुंड नाही. "गुंड हायेत जी आमच्याकडं," म्हणायची. आमच्या हातचं पाणी त्यांना चालत नव्हतं, हे सरळ होतं. बाबांना ते कळत नव्हतं असं नाही. ते कळून घेत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

पण एक गंमत होत गेली. ज्या भांड्यावर नाव नाही ते दवाखान्याच्या घरचं, असं गावात ठरूनच गेलं. पंगतीनंतर ज्याचा मालक सापडेना ते सगळं आमच्या ओट्यावर येऊन पडे. कोणाचा चेपलेला भाताचा गंज, कोणाची नाव झिजलेली वाटी, कोणत्या डेगचीचं हे कोणालाच माहीत नाही असं झाकण. जेवढं जायचं तेवढं यायचं, फक्त आमचं तेच नसायचं. बाबा म्हणत, "पाहिलं? देव भरून देते." मी मनात म्हणायची, देव कुठला, गावाचा आळस आहे हा.

अशीच एकदा आमच्या घरी एक पोर आली. तिलाही नाव नव्हतं.

झालं होतं असं. आमच्या शेजारच्या खोलीत सिहोऱ्याकडचं एक जोडपं राहायला आलं होतं. तो भावांशी भांडून इकडे ठेक्यानं धान करायला आलेला. त्याच्या बायकोला माहेर उरलं नव्हतं आणि भाऊ तर नव्हताच. पहिल्याच भाऊबीजेला ती ओवाळणीचं ताट घेऊन आमच्या दारात उभी राहिली आणि बाबांना म्हणाली, "दादा, बसा जी पाटावर."

आमच्या उपासनेच्या मंडळीतल्या लोकांनी नाकं मुरडली की ख्रिस्ती माणूस ओवाळून घेतो म्हणजे काय. गावातल्या बायकांनी नाकं मुरडली की हिला ओवाळायला दुसरा कोणी मिळाला नाही काय. दोन्हीकडच्यांचं एकमत झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मीही दाराआड उभी राहून ही बाई आता काय मागते ते बघत होते. तिनं काही मागितलं नाही. बाबांनी आपणहून एक गडवा तिच्या ताटात ठेवला आणि आमच्या घरातून आणखी एक भांडं गेलं.

पुढच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत ती बाळंतपणात गेली. पोरगी जगली. आईनं पदरात गुंडाळून तिला थेट आमच्या घरी आणलं, कारण त्या माणसाच्या खोलीत बाळाला दूध पाजणारं कोणी नव्हतं. आमच्याकडे दवाखान्याचे दुधाच्या भुकटीचे डबे होते आणि एक शेळी होती. तेरवी झाल्यावर तो भावांकडे परत जायला निघाला. जाताना म्हणाला, "घडी बसली का पोरीले नेतो, भाऊ."

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. मला दोन संशय आले. एक म्हणजे, हा कधीच येणार नाही. दुसरा म्हणजे, हा येईल. दोन्ही मी एकाच वेळी बाळगले, आणि दोन्हींचा मला सारखाच राग यायचा. कारण तोवर ते बाळ माझं बोट धरायला लागलं होतं.

आई म्हणाली, नाव ठेवू या. बाबा म्हणाले, "नाव तिचा बाप ठेवन."

"आणि तोवर?"

"तोवर छोटी म्हणा."

म्हणून ती छोटी. बोलायला लागली तेव्हा माझं ऐकून तीही बाबांना "बाबा" म्हणाली. बाबांनी तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "बाबा नाही. मामा." ती म्हणाली, "बाबा." ते म्हणाले, "मामा." असं सकाळभर चाललं. शेवटी ती "मामा" म्हणाली तेव्हा त्यांनी तिला गूळ दिला. आईनं त्या दिवशी भात करपवला. मी तिला परसात नेऊन पुन्हा "बाबा" शिकवलं, पण संध्याकाळी दवाखान्यातून ते आले तशी ती "मामा, मामा" करत धावली. माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. ज्या पोरीला हा माणूस खांद्यावरून खाली ठेवत नाही, तिला बाबासुद्धा म्हणू देत नाही, हे कसलं मन? मला तेव्हापासून बाबांचाच संशय यायला लागला. ह्यांना कशाचंच काही वाटत नसावं, म्हणून ह्यांना सगळं सोडता येतं.

पाळकांनाही संशय होता, पण वेगळा. एकदा उपासना झाल्यावर ते म्हणाले, "लेकरू तुमच्या घरात वाढतंय. बाप्तिस्मा देऊन टाकू या." माझा जुना पांढरा फ्रॉक आईनं आदल्याच दिवशी धुऊन, नीळ देऊन वाळत घातला होता. मी तो पाहिला होता. बाप्तिस्मा झाला की पोर आमची होईल आणि मग तिला कोणी नेऊ शकणार नाही, असा आईचा हिशेब मला स्पष्ट दिसत होता. माझाही तोच होता.

"तिच्या बापाले विचारल्याशिवाय नाही, पाळकसाहेब," बाबा म्हणाले. "जागलीले दिलेल्या धानावर आपलं निशाण लावता येत नाही."

"तुमचा प्रभूवर विश्वास आहे ना? मग तिला त्याच्या हाती द्यायला का भिता?"

"त्याच्याच हाती हाये जी. माह्या हाती कुठं हाये?"

पाळक चहा न घेता गेले. दवाखान्याच्या ड्रेसरचा विश्वास थंडावला, असं मंडळीत बोललं जाऊ लागलं. आणि गावात नेमकं उलटं. तिथं कुजबुज होती की ख्रिस्तावांनी पोर केव्हाच बाटवली, फक्त सांगत नाहीत. पाटलांकडची एक म्हातारी गुडघ्याला मलम न्यायला म्हणून आमच्या घरी आली, छोटीला जवळ घेतलं आणि लाड करता करता तिच्या गळ्यात बोट घालून बघितलं, क्रूस आहे का म्हणून. मी बघत होते. जाताना ती मलम ओट्यावरच विसरून गेली. बाबांनी ते तिच्या घरी नेऊन दिलं.

पोरीचा बाप दर साली मळणी झाली की चिन्नोर तांदळाचं पोतं घेऊन यायचा. घरात यायचा नाही, ओट्यावर बसायचा. आईनं पाणी पुढं केलं की म्हणायचा, "आत्ताच प्यालो जी." छोटीला बोलवायचा, तिच्या डोक्यावर हात ठेवायचा, मग घराकडे बघत राहायचा. शेळी बघायचा, भिंतीवरचा क्रूस बघायचा, दोरीवरचे तिचे कपडे बघायचा. मी दाराच्या चौकटीत उभी राहून त्याच्याकडे बघायची. त्यानं दुसरं लग्न केल्याचं आईच्या कानावर आलं होतं. तरी दर साली तो एकटाच परत जायचा, आणि त्या संध्याकाळी आई चिन्नोरचा भात करायची. घरभर वास सुटायचा आणि सगळे नेहमीपेक्षा जास्त बोलायचे.

छोटी शाळेत जायच्या वयाची झाली त्या उन्हाळ्यात तो अवेळीच आला. पोतं नव्हतं. बैलजोडी जुंपलेली खासर घेऊन आला होता. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "बाई, पाणी देता का?"

इतक्या वर्षांत ज्यानं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही तो आज पाणी मागतो, म्हणजे तो काहीतरी मोठं मागायला आला आहे. आईनं गडवा दिला. त्यानं तो एका दमात रिकामा केला आणि खाली ठेवला.

"भाऊ, पोरीले न्यायले आलो. शाळेत नाव टाकाचं हाये."

"येथं शाळा नाही का?" आई एकदम म्हणाली. "नवी बाई हिचं करन का? कोणं पाहिलं?"

"करन जी. तिनंच धाडलं मले."

माझा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही. मी बाबांकडे बघितलं. आता तरी हा माणूस नाही म्हणेल, निदान दोन दिवस थांबा म्हणेल, निदान ओरडेल. बाबांनी तो रिकामा गडवा उचलून कडेला ठेवला. मग म्हणाले, "बस. पोरगी जेवून घेईन, मंग निघा."

तिचे कपडे त्यांनी स्वतः बांधले. आम्हाला हात लावू दिला नाही. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून छोटीशी प्रार्थना केली. "तुह्या हवाली करतो, देवा. राखणीत काही चुकलं असन त माफ कर." इतकंच. ती गाडीत बसली तेव्हा तिला वाटलं होतं बाजाराला जायचं आहे. बैल चालायला लागले आणि बाबा गाडीत चढले नाहीत, तेव्हा तिला कळलं. "मामा!" ती ओरडली. "मामा, या ना!"

आई ओट्यावरच खाली बसली. मी गाडीमागे पाळीपर्यंत धावले. परत वळून पाहिलं तर बाबा होते तिथंच उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळेत तपासणीला साहेब उभा राहतो तसे. हात हलवून निरोपसुद्धा दिला नाही त्यांनी.

त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. छोटीवर नाव नव्हतं, पण माझ्यावर तरी कुठं होतं? मी तडक जाऊन विचारलं, "उद्या मले कोणी मागितलं, त मले बी असंच देऊन टाकसाल?"

बाबा म्हणाले, "तुले बी त्यानंच दिलं, बाई."

मला हवं होतं ते उत्तर हे नव्हतं. नाही म्हणायला त्यांचं काय जात होतं? एक खोटं बोलले असते तर देवानं काही त्यांना उचलून नेलं नसतं.

छोटी दिवाळीला मामाकडे येत राहील असं ठरलं होतं. एक-दोनदा आली. मग निरोप येऊ लागले. ताप आहे. परीक्षा आहे. धान कापणं चालू आहे. मी प्रत्येक निरोपात खोट शोधायची आणि मला ती सापडायची. तांदळाचं पोतं मात्र दर साली कोणाच्या तरी हाती येत राहिलं. मी आईला सांगितलं, हा भात मी खाणार नाही. मग थोडाच खाल्ला.

माझंही लग्न झालं. भंडाऱ्याच्या चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, या वधूला कोण देतो? विचारायचा अवकाश, बाबा "मी" म्हणून मोकळे झाले. कोणाचा तरी मागून आणलेला काळा कोट घातला होता आणि एक हात खिशात घालून उभे होते, बाजारात सौदा झाल्यावर माणूस उभा राहतो तसे. दुसऱ्या हातानं त्यांनी माझा हात नवऱ्याच्या हातात दिला. मी ते विसरले नाही. सासरी कोणी बाबांचं कौतुक केलं, काय निरिच्छ माणूस आहे म्हणालं, की मी मनात म्हणायची, तुमचं काय जातं? तुम्ही त्यांची पोर नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा छोटीच्या लग्नाची पत्रिका आली. तिच्या बापानं ठेवलेलं नाव आम्ही त्या पत्रिकेवर पहिल्यांदा छापलेलं पाहिलं. आईनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही छोटीच का?"

आहेर घ्यायला आई-बाबा माझ्याकडे भंडाऱ्याला आले. बाबांनी पितळेचा गुंड पसंत केला. मी म्हटलं, "परात घ्या, डबे घ्या. त्या घरात आपल्या गुंडातलं पाणी कोण पिणार आहे?"

"गुंडच पाहिजे. पोरगी पाण्याले कशात जाईन?"

दुकानदाराकडे आता नाव टाकायला विजेवरची लेखणी आली होती. त्यानं ती सुरू करून विचारलं, "काय नाव टाकू जी?"

"कोराच राहू द्या."

मी तिथंच बाजारात भांडले. निदान आहेराच्या भांड्यावर तरी नाव नको का? कोणी दिलं हे तिला कळायला नको? बाबा म्हणाले, "कळन तिले." दुकानदारानं माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि लेखणी बंद केली.

तुमसरवरून बस बदलून आम्ही सिहोऱ्याला पोचलो. मांडवाच्या दारात छोटीची सावत्र आई पुढं आली. तिनं गुंड हातात घेतला, नाव शोधायला तो सगळीकडून फिरवून पाहिला, आणि तो घेऊन आत गेली. मला तेवढंच पुरे होतं. मी खुर्चीवर बसले पण माझे डोळे बसले नाहीत. आहेराची भांडी एका बाजेवर रचून ठेवली होती, सगळ्यांवर ठसठशीत नावं. आमचा गुंड त्यात नव्हता. मी उठून जवळून पाहून आले. नव्हताच. टाकला गोठ्यात, मी आईच्या कानात म्हटलं. आई म्हणाली, गप्प बस.

तेवढ्यात वरात आली. वरातीतली म्हातारी माणसं उन्हातून आल्यामुळं पाणी, पाणी करत होती. मांडववाल्याचा एक गडी खांद्यावर गुंड घेऊन आला आणि एकेकाच्या ओंजळीत पाणी ओतायला लागला. मी पाहिलं तर तो गुंड आमचा. नाव नाही म्हणून तो मांडववाल्याचा, असा कोणीतरी समज करून घेतला होता आणि तो भरून थेट वरातीपुढं आणला होता. नवरदेवाचा आजा प्याला, काका प्याले, कोणी तोंडावर मारलं, कोणी पुन्हा मागितलं.

"अवं माय!" सावत्र आई आतून धावत आली. "ते आहेराचं होतं जी! मी तिच्यासाठी वेगळं काढून ठेवलं होतं."

"पिऊ द्या जी," बाबा म्हणाले. त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. "पाण्यासाठीच आणला."

तिनं गुंड परत घेतला, स्वतःच्या पदरानं पुसला आणि जाता जाता म्हणाली, "सकाळपासून पोरगी विचारून राहिली, मामा आले का, मामा आले का." मी तिच्या हातांकडे बघितलं. गुंड तिनं पोटाशी धरला होता. तरी मी मनात म्हटलं, बघू.

मुहूर्त जवळ आला. भटजींनी आवाज दिला, "नवरीच्या मामानं नवरीले घेऊन यावं." आणि छोटीचा बाप माणसांतून वाट काढत सरळ आमच्याकडे यायला लागला. आम्ही पुढच्या रांगेत बसलो होतो. आता हा आम्हाला मागं बसायला सांगणार, हे मला इतकं पक्कं वाटलं की मी आईचा हात धरून उठायलाच लागले.

"भाऊ, चला," तो म्हणाला. "नवरी उभी हाये."

बाबा बघतच राहिले. "मी? मी ख्रिस्ती माणूस. तुमचे लोक काय म्हणतील?"

"तिची माय तुमाले ओवाळे. दुसरा मामा मी कोठून आणू?"

मागे कोणीतरी काहीतरी पुटपुटलं. छोटीच्या बापानं तिकडे वळूनही पाहिलं नाही. त्यानं बाबांच्या डोक्याला फेटा गुंडाळला आणि त्यांना आत नेलं. थोड्या वेळानं बाबा तिला घेऊन आले. मी तिला इतक्या वर्षांनी बघत होते आणि ती हुबेहूब तिच्या आईसारखी, ताट घेऊन दारात उभ्या राहिलेल्या त्या बाईसारखी दिसत होती. ती पाटावर उभी राहिली, बाबा तिच्या मागे. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली.

सवयीनं माझी नजर बाबांच्या हातांकडे गेली. त्यांच्या उजव्या मुठीत तिच्या शेल्याचा काठ होता. धरलेला नव्हता, आवळलेला होता. बोटांची पेरं पांढरी झाली होती.

अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली. नवरदेवाला हार घालायला छोटी पुढं झाली आणि जागीच अडकली. भटजी म्हणाले, "मामा, सोडा आता." बाबांना ऐकू गेलं नाही. भटजी पुन्हा म्हणाले. लोक हसायला लागले. मग छोटीच, मागं न वळता, हळूच म्हणाली, "मामा, सोडा जी."

बाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि मूठ उघडली. ती पुढं गेली. शेल्यावर चुरगळल्याची खूण तशीच राहिली होती. बाबांनी लगेच दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले.

"पोरीले नेलं त्या दिवशी हात मागं काहून बांधले होते," आई माझ्या कानात म्हणाली, "समजलं का आता तुले?"

माझ्या हातातल्या अक्षता टाकायच्या राहून गेल्या होत्या.

परतीच्या बसमध्ये मी मुद्दाम बाबांच्या शेजारी बसले. तुमसर येईपर्यंत ते खिडकीबाहेर धानाच्या बांध्या बघत होते. शेवटी मीच म्हटलं, "इतकं कठीण जाते, त सोडता कायले?"

"सोपं हाये असं मी कधी म्हटलं?" ते म्हणाले. "मालकावर भरोसा हाये म्हणून सुटते. नाही त कायले सुटते?"

बस स्टँडवर थांबली. माणसं उतरली, चढली. मी विचारणार नव्हते, पण विचारलं.

"आणि माह्या लग्नात? तेव्हा त चटकन दिलं मले."

बाबा माझ्याकडे वळले. "तुह्या लग्नात कोट होता," ते म्हणाले. "मूठ खिशात होती."